पदवी हातात, खुर्ची कुणाची?

वाडीहून बसने नागपूरला जाऊन एम.एड. करणारी मुलगी शालेय व्यवस्थापन शिकते, नेतृत्वाचे प्रकार पाठ करते. तिच्या अभ्यासक्रमात कुमुद पावडेही असायला हव्यात. नागपुरातल्या या दलित मुलीने संस्कृतमध्ये एम.ए. केले, तरी प्राध्यापकी मिळेना. आंतरजातीय लग्नानंतर सोमकुवर जाऊन पावडे आडनाव लागले, तेव्हा कुठे सरकारी महाविद्यालयाचे दार उघडले. नोकरी पावडेला मिळाली, सोमकुवरला नव्हे, हे त्यांनीच 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) लिहून ठेवले आहे.

शिक्षिकेची नोकरी आज मिळतेही, पण मुख्याध्यापकपद? खासगी शाळांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे (अल्पसंख्याक संस्था सोडून) पात्र शिक्षकांतल्या सर्वांत ज्येष्ठाचा त्यावर हक्क असतो. तो डावलायचा, तर त्या शिक्षकाने स्वखुशीने शिक्षणाधिकाऱ्यांना तसे लिहून द्यावे लागते. बाईची ही 'स्वखुशी' कशी तयार होते, ते आपल्याला ठाऊक आहे. "मॅडम, मुलाची दहावी आहे, कशाला डोक्याला ताप?" संस्थाचालक म्हणतात. घरी नवरा तेच म्हणतो, सासूबाईही. बाई सही करते आणि तिच्या हाताखाली शिकलेला एखादा सर खुर्चीत बसतो. व्यवस्थापनाचा पेपर तिनेही दिलेला असतो!

मैत्रिणींनो, असा नकार लिहून देण्याची सक्ती कुणालाही करता येत नाही. एकदा दिलेला नकार पुढच्या रिक्त जागेच्या आड येत नाही, हेही त्याच नियमावलीत आहे. ज्येष्ठता यादी शाळेने सर्वांना दाखवायचीच असते. आपले नाव कितवे आहे, ते पाहून ठेवा.