चाकाखालचे रबर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील ब्रिटिश वृत्तपत्रांत सायकल पानोपानी भेटते. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास सारख्या उंचीच्या दोन चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. १८९६ च्या सुमारास सायकलचे वेड शिगेला पोचले आणि कारखान्यांच्या जाहिराती, शर्यतींची वर्णने, सायकलस्वार स्त्रियांच्या पोशाखाविषयीचे वाद यांनी रकाने भरू लागले.

समाजवाद्यांनी या यंत्राचे मोल लवकर ओळखले. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांनी १८९१ मध्ये मँचेस्टर येथे ‘क्लॅरियन’ साप्ताहिक काढले. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या काही तरुण वाचकांनी त्याच नावाचे सायकल मंडळ स्थापन केले. पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रीय स्वरूप आले. सुटीच्या दिवशी मंडळाचे सभासद शहराचा धूर मागे टाकून खेड्यांत जात, पत्रके वाटत, अंक विकत. मोकळी हवा आणि आनंद हाही श्रमिकांचा हक्क आहे, हे या मंडळाने कृतीने सांगितले. हा वारसा अभिमानाने जपावा असाच आहे.

परंतु टायरचे रबर येत होते कोठून? बरेचसे ॲमेझॉनच्या अरण्यातून आणि १८९० नंतर वाढत्या प्रमाणात काँगोतून. १८८५ पासून तो विशाल मुलूख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खासगी मालमत्ता होता. गावांवर रबराचा ठरावीक भरणा लादला जाई. पुरुषांनी रानात जावे म्हणून बायकांना ओलीस धरले जाई. भरणा चुकला की फटके, जाळपोळ आणि हत्या. खर्च झालेल्या काडतुसांचा हिशेब सैनिक माणसांचे तोडलेले हात दाखवून देत.

काही मिशनऱ्यांनी १८९० च्या दशकातच हे लिहिले होते. तथापि त्याला चळवळीचे रूप दिले ते लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीतील कर्मचारी एडमंड मोरेल यांनी. जहाजे रबर व हस्तिदंत भरून येतात आणि परतताना प्रामुख्याने बंदुका व दारूगोळा नेतात, हे त्यांनी कागदपत्रांतून ताडले. हा व्यापार नव्हे, सक्तीची मजुरी आहे, हा निष्कर्ष अटळ होता. १९०३ मध्ये त्यांनी स्वतःचे वृत्तपत्र काढले. १९०४ मध्ये रॉजर केसमेंट यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगोवरील सत्ता सोडावी लागली.

खुद्द ब्लॅचफर्ड यांनी १८९९ मध्ये सुरू झालेल्या बोअर युद्धात साम्राज्याची बाजू घेतली. मायदेशातील मजुराविषयी असलेला त्यांचा बंधुभाव समुद्र ओलांडताना अडखळला. हा केवळ एका व्यक्तीचा दोष मानणे सोयीचे, पण अपुरे आहे. स्वस्त माल हाती येताच तो निर्माण करणारे हात दृष्टीआड होणे, हा साम्राज्यशाहीचा नित्याचाच परिणाम होय.

आज विजेच्या वाहनांच्या आणि मोबाइलच्या अनेक बॅटऱ्यांत कोबाल्ट लागते. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट याच काँगोच्या खाणींतून निघते आणि तेथील बालमजुरी अनेकवार उघड झालेली आहे. म्हणून कोणी वाहन टाकून द्यावे असे नव्हे. सायकल निर्दोषच होती, दोष होता तो मालकीच्या व्यवस्थेचा. क्लॅरियनच्या सायकलस्वारांचा उत्साह कार्यकर्त्यांनी अवश्य घ्यावा, मात्र त्यासोबत जहाजात काय आले आणि काय गेले हे तपासणारी मोरेल यांची नजरही घ्यावी. तिच्यावाचून बंधुभाव ही निव्वळ सुटीच्या दिवसाची सहल ठरेल.