अर्थाला शून्य गुण

इंग्रजीतल्या 'क्यू' या अक्षराला एकट्याने घराबाहेर पडण्याची सवय नाही. सोबतीला 'यू' लागतोच. राणी, प्रश्न, शांतता, भांडण या सगळ्यांचे इंग्रजी शब्द या जोडीनेच सुरू होतात. त्यामुळे स्क्रॅबल खेळताना 'क्यू' हाती आला आणि 'यू' आला नाही, की आपल्याकडचा चांगला पदवीधरही हवालदिल होतो. दहा गुणांची सोंगटी, पण शेवटपर्यंत हातात राहिली तर तेच दहा गुण वजा. मुरलेला खेळाडू मात्र शांतपणे 'क्यू'शेजारी 'आय' ठेवतो आणि मोकळा होतो. हा शब्द मूळचा चिनी, उच्चार 'ची', अर्थ शरीरातली प्राणशक्ती. 'क्यू-ए-टी' म्हणजे येमेनकडे लोक चघळतात तो पाला. 'क्यू-ए-आय-डी' म्हणजे पुढारी, आपल्याला 'कायदे आझम'मुळे ठाऊक असलेला. आपला फकीरसुद्धा इंग्रजीत 'क्यू' घालून लिहिलेला चालतो. म्हणजे जो शब्द आपण लहानपणापासून दारात उभा असलेला पाहिला, तोच ऐन वेळी आठवत नाही, कारण इंग्रजी शब्द इंग्रजांकडूनच घ्यायचे अशी आपली समजूत. लाख, कोटीला 'क्रोर', आणा, पैसा, घाट, तबला हे सगळे त्या यादीत मानाने बसलेले आहेत. 'मुंगूस' तर इंग्रजीत गेले तेच मुळी मराठीतून.

हा खेळ ज्याने काढला तो भाषापंडित नव्हता. आल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावचा वास्तुविशारद. १९३०च्या महामंदीत त्याची नोकरी गेली. रिकामपणी त्याने वर्तमानपत्राची पाने पुढ्यात घेतली आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजत बसला. 'ई' सर्वांत जास्त, म्हणून त्याच्या बारा सोंगट्या आणि प्रत्येकीला एकच गुण. 'क्यू' आणि 'झेड' दुर्मीळ, म्हणून एकेकच सोंगटी आणि दहा गुण. 'एस' मात्र त्याने हात आखडून चारच ठेवले, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला 'एस' लावून अनेकवचनावर दुकान चालवील. शंभर सोंगट्या आणि सव्वादोनशे चौकोनांचा पट. कारखानदारांनी तो परत पाठवला. पुढे १९४८ साली जेम्स ब्रूनो या त्याच्या ओळखीच्या गृहस्थाने त्याला 'स्क्रॅबल' हे नाव दिले आणि मग तो जगभर गेला. एका बेकार माणसाने केलेली ही मोजदाद आजही जशीच्या तशी टिकून आहे, याचे मला, आयुष्यभर मोजण्याचीच नोकरी केलेल्या माणसाला, विशेष कौतुक वाटते.

अक्षरांवरून शब्द शोधणे ही नेमकी काय क्रिया आहे? ज्यांनी बँकेत हाताने लिहिलेल्या लेजरांचा काळ पाहिला त्यांना ती चटकन समजेल. सहामाही बॅलन्सिंगच्या वेळी बेरीज जुळली नाही की सगळ्या नोंदी पुन्हा तपासत बसणारा कारकून नवशिका समजावा. जुना माणूस आधी फरकाच्या रकमेकडे पाही. तिला नवाने पूर्ण भाग गेला, की कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असणार, चोपन्नचे पंचेचाळीस झाले असणार. नाहीतर तो फरकाचे निम्मे करी आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधी, कारण जमेची रक्कम नावे पडली तर फरक दुप्पट येतो. रक्कम कोणाची, कशासाठी काढली, हे त्याला माहीत नसे आणि जरूरही नसे. स्क्रॅबलचा खेळाडू तेच करतो. हातातल्या सात अक्षरांतून 'आय-एन-जी', 'ई-आर', 'आर-ई' असे शेपटीचे किंवा शेंड्याचे तुकडे तो बाजूला काढतो आणि उरलेल्यांत धड शोधतो. त्याहून पुढे गेलेले लोक अक्षरे वर्णक्रमाने लावून तोच क्रम पाठ करतात. 'ए, ई, आय, एन, आर, एस, टी' ही सात अक्षरे त्या क्रमात दिसली की त्यांच्यापुढे 'रिटेन्स', 'नास्टियर', 'रेटिनाज' असे अर्धा डझन शब्द एकदम उभे राहतात. राखून ठेवणे, जास्त ओंगळ असणे आणि डोळ्याचे पडदे, यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पन्नास गुणांचा बोनस मात्र तिघांनाही सारखाच.

या रस्त्याने शेवटपर्यंत गेलेला माणूस म्हणजे न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेतेपद त्याने अनेकदा मिळवले, पण २०१५ साली त्याने फ्रेंच भाषेतल्या खेळाचे जगज्जेतेपद मिळवले तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. कारण त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. नऊ आठवडे फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली, एवढीच तयारी. २०२४ साली त्याने स्पॅनिशमध्येही तेच केले. पॅरिसमध्ये चहा मागता येणार नाही असा माणूस फ्रेंच शब्दांत सगळ्या फ्रेंचांना हरवतो, ही घटना मला या विषयातली सर्वांत बोलकी वाटते.

कारण आपल्याकडे हा खेळ घरात येतो तो औषधाच्या बाटलीसारखा. मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून. मराठी माध्यमातून शिकलेले, साहेबापुढे इंग्रजी वाक्य जुळवताना घाम फुटलेले आईबाप (माझी पिढी यात सगळीच आली) मुलाच्या हाती ती डबी देतात. मुलगाही हुशार, तो दोन अक्षरी शब्दांची यादी तोंडपाठ करतो. इंग्रजी स्पर्धांच्या यादीत असे सव्वाशेच्या वर शब्द आहेत. पाहुण्यांपुढे तो 'झेड-ए' लावतो, 'एक्स-यू' लावतो, पाहुणे थक्क होतात. पहिला 'पिझ्झा'चा अमेरिकन लघुरूपातला शेंडेछाट अवतार आणि दुसरे व्हिएतनामचे एक चिल्लर नाणे, हे ना त्याला ठाऊक, ना पाहुण्यांना. यात वाईट काही नाही. वाईट एवढेच की आपण याला इंग्रजी म्हणतो. भाषा येणे म्हणजे कोणाला कधी काय म्हणावे आणि काय म्हणू नये हे कळणे. ते पटावर कळत नाही. त्यासाठी गोष्टीची पुस्तके वाचावी लागतात, आणि ती या डबीपेक्षा स्वस्त मिळतात.

कोणी म्हणेल, आपल्याकडेही पाठांतरच होते. अमरकोश मुले अर्थ कळण्याआधी पाठ करीत. खरे आहे. पण अमरकोश लावला आहे तो अर्थाच्या क्रमाने. स्वर्गाचे शब्द एकीकडे, पाण्याचे एकीकडे, वनस्पतींचे एकीकडे. पाठ करणाऱ्याला अर्थ आज नाही कळला तरी शब्दाचे शेजारी कोण ते कळत असे आणि पुढे कधीतरी तो शेजार उपयोगी पडे. स्क्रॅबलच्या यादीत शेजार असतो तो अक्षरांचा. आपल्या भेंड्यांतसुद्धा अक्षर अडले की माणूस संपूर्ण गाणे म्हणतो, निदान पहिली ओळ तरी. सुटे अक्षर काढून हातावर ठेवण्याची सोय देवनागरीत तशी कमीच. 'क'ला काना, मात्रा, वेलांटी चिकटलेली, वर जोडाक्षरे. हाताने खिळे जुळवण्याच्या काळात छापखान्यात इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागत ते यामुळेच. मराठीत असा पट मांडायचा तर सोंगट्यांना पोते लागेल.

मग अर्थ खरोखरच शून्य असतो का? या प्रश्नावरून या खेळाच्या जगात मोठे भांडण झालेले आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मालक कंपनीने घरगुती खेळासाठीच्या शब्दकोशातून वंश, धर्म वगैरेंवरून दिलेल्या शिव्या वगळल्या. स्पर्धांत त्या चालूच राहिल्या. २०२० साली अमेरिकेतल्या स्पर्धांतून आणि २०२१ साली बाकीच्या जगातूनही त्यातल्या बऱ्याच गेल्या. अनेक खेळाडू चिडले. त्यांचे म्हणणे, पटावर शब्द म्हणजे नुसत्या सोंगट्या, तिथे अर्थ नाही, मग शिवी कुठली? युक्तिवाद तर्काला धरून आहे, हे मान्य करायला हवे. जे 'क्यू-आय'ला लागू ते शिवीलाही लागू.

मी तरीही वगळणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पटाच्या पलीकडे एक माणूस बसलेला असतो आणि त्याने तो शब्द रस्त्यावर ऐकलेला असू शकतो. आपल्याकडे जातिवाचक शब्दांचे काय होते ते आठवून पाहा. एखाद्या मराठी शब्दकोड्यात आडव्या ओळीत तसला शब्द आला आणि संपादक म्हणाला, 'अहो, चौकोन तेवढेच होते,' तर आपण ऐकून घेऊ का? ज्याला तो शब्द लागलेला नाही, त्यालाच तो सोंगटी वाटू शकतो. कोशात तो जरूर असावा, कोशाचे काम नोंद ठेवण्याचे. त्याच्यावर गुण मोजण्याची गरज नाही. आणि काही शे शब्द गेल्याने पावणेतीन लाखांहून मोठ्या यादीला भोक पडत नाही.

आता हे शोधण्याचे कामही मोबाइलने घेतले आहे. सात अक्षरे टाका, कोऱ्या सोंगटीच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, आणि क्षणात सगळे शब्द गुणांच्या उतरत्या क्रमाने पुढे हजर. संगणक आल्यावर बँकेतली बेरीज आपोआप जुळू लागली तेव्हा मी एक अश्रूही ढाळला नाही. रात्री नऊपर्यंत फरक शोधत बसण्यात कसलेही काव्य नव्हते, घरी जेवण निवत असे. पण ते पगाराचे काम होते, उत्तर मिळाले की संपले. खेळात विकत घेतलेली वस्तूच मुळी शोधणे ही आहे. चार मिनिटे पट्टीवरची अक्षरे पुढेमागे करायची, काही दिसत नाही म्हणून चडफडायचे आणि अचानक समोर आधीपासून बसलेला शब्द दिसायचा. ती चार मिनिटे यंत्राला देऊन टाकली तर हातात राहते ती फक्त गुणांची बेरीज, आणि बेरजा करायला माणसे पूर्वी पगार मागत. खेळ संपल्यावर काय सुटले ते पाहण्यासाठी मोबाइल उघडावा, खेळ चालू असताना नाही.

घरच्या खेळासाठी मी एक नियम सुचवीन. लावलेल्या शब्दाचा अर्थ समोरच्याने विचारावा, सांगता आला तर पूर्ण गुण, नाही आला तर निम्मे. स्पर्धेतले खेळाडू याला हसतील आणि त्यांनी हसावे, त्यांचा खेळ वेगळा आहे. अर्थात यात एक अडचण आहे. हातात फक्त 'क्यू' आणि 'आय' उरलेला मुलगा शरीरातल्या प्राणशक्तीबद्दल व्याख्यान देऊ लागतो, आणि त्याचे खरे किती नि खोटे किती हे पाहायला कोणालातरी उठून कपाटावरचा शब्दकोश काढावा लागतो.