काकवी का अडली?

बालमित्रांनो, पोळीवर काकवी ओतताना कधी नीट पाहिलंत? पाणी धावतं, काकवी रांगते. अशा चिकट द्रवांचा प्रवाह संगणकावर मांडता येतो. लाव्हा कसा सरकेल, हिमनदी कशी वाहील, हे त्यावरून अजमावतात. पण त्यात एक गंमत आहे आणि एक धोकाही. घ्या बरं चौकटीची वही!

४ बाय ४ घरांचा चौकोन काढा. ही काकवीची बंद पेटी. प्रत्येक घरात एकाच दिशेनं तिरकी रेघ मारा. झाले ३२ त्रिकोण. असे तुकडे पाडून हिशेब करण्याच्या रीतीला 'फायनाइट एलिमेंट' पद्धत म्हणतात.

रेघा जिथे मिळतात ते बिंदू मोजा. कडेचे सोडा, कारण भिंतीला चिकटलेली काकवी हलत नाही. आत उरले ९. प्रत्येकाला एक आडवा आणि एक उभा वेग, म्हणजे एकूण १८ वेग.

आता अट. काकवी दाबून लहान होत नाही. म्हणून त्रिकोणात जेवढी शिरेल, तेवढीच बाहेर पडायला हवी. त्रिकोण ३२, पण पेटी बंद असल्यानं ३१ अटी पाळल्या की शेवटची आपोआप पाळली जाते. १८ वेगांनी ३१ अटी पाळायच्या? बिचाऱ्यांना पळता भुई थोडी! संगणकातली काकवी कितीही ढवळा, जागची हलतच नाही.

"बाई, तिरक्या रेघा पुसू या की!" असं कुणीतरी म्हणेलच. पुसा. आता १६ घरं, १५ अटी, १८ वेग. जमलं? थांबा. प्रत्येक घरात काकवीचा दाब लिहायचा असतो. बुद्धिबळाच्या पटासारखा आलटून पालटून +१, -१ लिहा. आतला कोणताही बिंदू बघा. भोवती दोन अधिक, दोन उणे. सगळी ढकलाढकल फिटली, बिंदूला पत्ताच नाही! असा खोटा दाब उत्तरात घुसला, तर त्याला पकडणार कोण? वेग ठीक दिसतात, पण दाबाचं चित्र पटासारखं येतं.

यावर एक चांगली जोडी आहे. टेलर आणि हूड यांच्या १९७३ च्या लेखावरून तिला नाव पडलं. त्रिकोण तेच, पण वेग कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावरही. दाब फक्त कोपऱ्यांवर. मोजून बघा : वेग ९८, अटी २४.

अर्थात नुसती मोजणी पुरत नाही, हे पटानं शिकवलंच. खरी कसोटी अशी : प्रत्येक चढउताराच्या दाबाची दखल घेणारा एखादा तरी वेग हवा, आणि तुकडे कितीही बारीक केले तरी ती दखल क्षीण होता कामा नये. या कसोटीला रशियाच्या ओल्गा लादिझेन्स्काया, प्रागमध्ये जन्मलेले इवो बाबुश्का आणि इटलीचे फ्रँको ब्रेझी या गणितज्ञांची नावं आहेत.

संगणक चुकीचं उत्तरही रंगीत, नीटनेटकं छापतो. "हे खोटं आहे," असं तो सांगत नाही. सुंदर अक्षर पाहून चुकलेल्या गणितावर मीही एकदा बरोबरची खूण केली होती! दुसऱ्या दिवशी त्याच मुलीनं येऊन चूक दाखवली. पालकहो, तिचं कौतुक मला पैकीच्या पैकी गुणांहून जास्त वाटलं.

आता तुमचं काम. ६ बाय ६ ची पेटी काढा, तिरक्या रेघांसकट. पहिल्या रीतीनं वेग किती, अटी किती? काकवी हलेल का? मोजा आणि घरच्यांना समजावून सांगा!