घरचाच डॉक्टर आहे, बाहेर कशाला जायचं?

माझा धाकटा भाऊ एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या गणपतीत घरी आला तो होस्टेलवरूनच सर्दी-ताप घेऊन. बॅगेतून अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप काढली, दोन दिवस गोळी घेतली, बरं वाटलं की बंद. उरलेली गोळी आईला, तिचा घसा दुखत होता म्हणून. आई कौतुकाने म्हणाली, ‘घरचाच डॉक्टर आहे, बाहेर कशाला जायचं?’ मीही हसले.

व्हायरल तापावर अँटिबायोटिक चालत नाही, हे लिहून याच मुलाने परीक्षेत मार्क मिळवलेत. अपुऱ्या डोसामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा खुद्द फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल व्याख्यानात दिला होता. तेही त्याला पाठ आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे दहा वर्षं अनुभव असलेल्याचा कोडसुद्धा दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. त्याला येत नाही म्हणून नव्हे, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून. मग शरीराच्या बाबतीत ‘मला कळतं’ एवढं पुरतं?

‘तुमच्याच ओपीडीत का नाही दाखवलंस?’ मी विचारलं.

‘ताई, तिथे आमचेच सर असतात. त्यांना सांगू, झोप लागत नाही म्हणून?’

मी तापाबद्दल विचारत होते. झोपेचं त्याच्या तोंडून निसटलं. परीक्षेच्या आधी तो अल्प्राझोलाम घेतो. सवय लावणारं औषध. ते शेड्यूल एच-वनमध्ये आहे. प्रिस्क्रिप्शन बघायचं, पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, हा नियम २०१४पासून आहे. त्याच्या कॉलेजसमोरच्या मेडिकलमध्ये मात्र पांढरा एप्रन पुरतो.

‘मुलं बेजबाबदार आहेत’ म्हणून हात झटकू नका. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. आजारी पडायला सवड कुठेय? कॉलेजांनी विद्यार्थ्यांसाठी वेगळी ओपीडी ठेवावी, जिथे तपासणारा डॉक्टर त्यांचा परीक्षक नसेल. आजारपणाची रजा हजेरीतून कापू नये. आणि आपण घरच्यांनी पदवीआधीच त्यांना डॉक्टर करणं थांबवावं. आज आईला दिलेली ती गोळी उद्या तो पेशंटलाही तशीच देईल.

पुढच्या वेळी तो तापाने घरी आला, तर मी त्याला गाडीवर बसवून गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेणार आहे. नंबर लावून, रांगेत.