न आलेल्यांना विचारा

संग्रहालयशास्त्राच्या मुलांना लघुप्रबंधाचा विषय विचारला की एक उत्तर हमखास येतं: प्रेक्षक सर्वेक्षण. दालनातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती प्रश्नावली द्यायची, टक्केवारी काढायची आणि झकास बांधणी करून प्रबंध सादर करायचा. पण वाट वाकडी करून, तिकीट काढून जो आत गेला, तो आवडलं म्हणणार यात नवल कसलं? जो फिरकलाच नाही, त्याला विचारायला हवं.

त्यासाठी दौंड तालुक्यातल्या यवतला या. इथून रोज कितीतरी माणसं कामाला, कॉलेजला पुण्याला जातात. तिथल्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आपल्याच मुलखातलं काय ठेवलंय, हे त्यांना विचारून बघा. भीमा ओलांडली की शिरूर तालुका, आणि तिथं घोडनदीच्या काठी इनामगाव. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञ मंडळींनी तिथं उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची डबी निघाली. आत कच्च्या मातीची, बिनडोक्याची बाई. झाकणावर आणखी एक बाई आणि एक बैल. आतल्या बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीलाही भोक. मधे काडी घातली की बाई बैलावर बसते. पुराचं पाणी वळवायला त्या लोकांनी पाट काढला होता, बांध घातला होता. पाण्याच्या पाळीवरून आजही भांडणाऱ्या आमच्या ऊसवाल्यांना हे सांगायला कुणी आलं का? खोदकामाचा जाडजूड अहवाल १९८८ साली निघाला, तोही इंग्रजीत.

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली देशातला पहिला संग्रहालयशास्त्र विभाग सुरू झाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही हा अभ्यासक्रम चालवतं. मुलं हुशार असतात. दमटपणा, वाळवी, दिव्यांचा उजेड सगळं शिकतात. मात्र वस्तू वापरणाऱ्या माणसाशी बोलायचं राहून जातं. पुण्यात संग्रहालय उभारणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते नि दिवे जमवायला लोकांचे उंबरे झिजवले होते. प्रश्नावली घेऊन तेवढं चालायला काय हरकत आहे?

आणि विषय हवा असेल तर यवतच्या आसपासची गुऱ्हाळं आहेतच. उद्या एखादी जुनी काहील संग्रहालयात गेली, तर पाटीवर लिहिणार काय? ‘लोखंडी कढई, व्यास अमुक’. रसात रानभेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी किती वेळा काढायची, चुलवणात चिपाड कधी कमी करायचं, हे त्या पाटीवर कुठून येणार? गुळव्या पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो आणि मग काहील उतरवायला सांगतो. ही बोटांतली समज कुठल्याच नोंदवहीच्या रकान्यात बसत नाही, म्हणून ती नोंदवायची कशी यावरच एक अख्खा प्रबंध व्हावा. तोही लवकर, कारण गुळव्यांची पोरं आता त्या धगीपाशी उभी राहायला तयार नाहीत.

मार्गदर्शकांनी दोन अटी घालाव्यात. प्रबंधाची एक मराठी प्रत ज्या गावावर लिहिलं तिथल्या शाळेत पोचली पाहिजे. आणि तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून गुळव्याला बसवावं, प्रवासभत्त्यासकट.

— यवतकर