बोट लागणाऱ्यांसाठी बोटीची सुट्टी

गेल्या महिन्यात एक निवृत्त गृहस्थ सपत्नीक दवाखान्यात आले. दोघांचीही प्रकृती वयाला साजेशी. काकांना रक्तदाब आणि प्रोस्टेटचा थोडा त्रास, काकूंना मधुमेह आणि गुडघे. नवी तक्रार काही नव्हती. इंग्लंडात असलेल्या मुलाने क्रोएशिया देशाच्या किनाऱ्यावर शिडाची यॉट आठवडाभरासाठी भाड्याने ठरवली होती आणि आईबाबांनी यायलाच हवे असा हट्ट धरला होता. सकाळी एका बेटावरून निघायचे, दुपारी दुसऱ्या बेटावर नांगर टाकायचा, रात्री होडीतच झोपायचे. ‘‘डॉक्टर, या वयात हे बरं दिसतं का?’’ काकूंनी विचारले. काका म्हणाले, ‘‘दिसण्याचं राहू दे, हिला एस.टी. लागते त्याचं काय?’’

आळीतल्या सर्वांनी त्यांना ‘कशाला नसते धाडस’ असे सांगून झाले होते. मी ‘जरूर जा’ म्हणालो. मात्र त्यासाठी अर्धा तास बसवून घेतले. परदेशी असलेली मुले आईवडिलांना हल्ली अशा सुट्ट्यांना बोलावतात, आणि आपल्याकडे त्यावर दोनच उत्तरे मिळतात. एक, वय झाले, घरी बसा. दुसरे, काही होत नाही हो, चला! डॉक्टर म्हणून मला ही दोन्ही उत्तरे सारखीच धोक्याची वाटतात.

आधी या सुट्टीची बाजू घेतो. आपल्या सहली कशा असतात हे वाचकांना सांगायला नको. पहाटे पाचला चहा, सहाला बस, सात दिवसांत नऊ गावे आणि परतल्यावर आठ दिवस अंगदुखी. अशा सहलीहून आलेले कितीतरी पेशंट मी दरवर्षी मे महिन्यात तपासतो. पाय सुजलेले, पोट बिघडलेले, औषधांच्या वेळा चुकलेल्या. शिडाच्या होडीला घाईच करता येत नाही. तिचा वेग तासाला पाच-सहा सागरी मैल, म्हणजे नऊ-अकरा किलोमीटर. आपली सायकल तिच्या पुढे जाईल! दिवसाकाठी तीन-चार तास प्रवास, बाकी वेळ बेटावर चालणे, पोहणे, दुपारची झोप. सामान रोज बांधायचे नाही, कारण खोली तुमच्याबरोबरच फिरते. पन्नाशी-साठीनंतरच्या शरीराला असली संथ सुट्टी मानवते, असे माझे मत आहे.

आता बोट लागण्याविषयी. हा शब्दप्रयोग आपल्या किनाऱ्यावर घरोघरी आहे. मुंबईहून स्टीमर येई, ती बंदराबाहेर उभी राही, मग पडावातून उतारू धक्क्यावर येत आणि घरी पोचेपर्यंत निम्म्यांना बोट लागलेली असे, हे आपण आजी-आजोबांकडून ऐकले आहे. पुढे रस्ते झाले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, प्रवासी स्टीमर इतिहासजमा झाल्या. पण लागणे राहिलेच, ते एस.टी.कडे गेले. यात लाजण्यासारखे काही नाही. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याला आयुष्यभर बोट लागत असे.

हे होते कानामुळे. आतल्या कानात शरीराचा तोल सांगणारी यंत्रणा असते. होडीच्या पोटातल्या खोलीत तुम्ही बसलात की कान सांगतो, आपण हलतो आहोत. डोळे सांगतात, भिंत तर जागच्या जागी आहे. या भांडणात मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळते. म्हणून मळमळ सुरू झाली की आत जाऊन आडवे होण्याऐवजी वर यावे, होडीच्या मध्यावर बसावे आणि दूर क्षितिजावर नजर ठेवावी. पुस्तक, मोबाईल बंद. रिकाम्या पोटी राहू नये आणि तडस लागेपर्यंत जेवूही नये. आल्याचा तुकडा चघळावा, त्याचा बऱ्याच जणांना उपयोग होतो. तांडेल भला असेल तर सुकाणू धरायला मागावे. मोटार चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, त्यातलेच हे. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा मेंदू या हेलकाव्यांना सरावतो. आठवड्याच्या सुट्टीत पहिले दोन दिवस वाईट गेले म्हणून परत फिरू नये ते यासाठी.

गोळ्यांचे मात्र सांभाळून. अव्होमीन आपल्याकडे पानपट्टीवर मिळावी इतक्या सहज मागितली जाते. ती उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निदान तासभर आधी घ्यावी लागते. तिने झोप येते. हलत्या होडीवर पेंगणारा माणूस ही काही सुरक्षित गोष्ट नव्हे. म्हणून माझा आग्रह असा, की ज्याला गरज वाटते त्याने घरी, सुट्टीच्या दिवशी एक गोळी घेऊन आपले काय होते ते आधी पाहावे. त्या दिवशी स्कूटर चालवू नये. गोळीवर दारू तर नकोच.

आणि पुरुष वाचकहो, हे नीट वाचा. काही वर्षांपूर्वी सत्तरीचे एक गृहस्थ रात्रीच्या गाडीने मुंबईहून आले. गाडी लागू नये म्हणून त्यांनी ओळीने दोन गोळ्या घेतल्या होत्या. सकाळी दवाखान्यात आले तेव्हा घामाघूम, पोट टम्म, आणि रात्रीपासून लघवीचा थेंब नाही. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला या जातीच्या गोळीने लघवी अडू शकते. नळी घातली, पाच मिनिटांत माणूस हसायला लागला. ही नळी रत्नागिरीत पाच मिनिटांवर होती. दोन बेटांच्या मधोमध ती कुठून आणणार? काकांना मी ही गोळी घेऊच नका असे सांगितले. काचबिंदू असलेल्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरा प्रश्न काकूंचा. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि दिवसभर उलट्या होऊन पोटात काही टिकत नाही, अशा वेळी काय करायचे? लघवी जास्त होण्याची पाण्याची गोळी, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अशा वेळी तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, नाहीतर शरीर कोरडे पडून मूत्रपिंडावर ताण येतो किंवा साखर एकदम उतरते. उलट इन्शुलिन चालू असेल तर जेवण नाही म्हणून ते परस्पर पूर्ण बंद करणे घातक ठरू शकते. कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही, इन्शुलिन किती घ्यायचे, हे प्रत्येकाचे वेगळे असते. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांकडून हे एका कागदावर लिहून घ्या. समुद्रावरून फोन लागेलच असे नाही. जलसंजीवनीची पाकिटे बरोबर ठेवा. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वाऱ्यामुळे ऊन कळत नाही आणि तहानही लागत नाही, तरी पाणी पीत राहावे. होडीवरचा संडास अरुंद आणि कटकटीचा असतो, म्हणून आपल्या बायका पाणीच कमी पितात. हे मी एस.टी.च्या प्रवासातही पाहतो, आणि लघवीच्या जंतुसंसर्गाच्या केसेस प्रवासानंतर येतात त्यामागे हेही एक कारण आहे.

गुडघ्यांसाठी मी काकूंना एक परीक्षा दिली. हर्णै बंदरावर जा आणि छोट्या होडीने सुवर्णदुर्ग पाहून या. होडीत चढणे, हलत्या फळीवर उभे राहणे, परत उतरणे, हे जमले तर यॉट जमेल. यॉटच्या खोलीत उतरायला शिडीसारखा उभा जिना असतो, आणि धक्क्यावर जायला बहुधा एक अरुंद फळी. खुब्याचे हाड मोडायला वादळ लागत नाही, अशी एक फळी पुरते. चपला घालून, हातात पिशव्या घेऊन, फोटो काढत त्या फळीवर कोणी जाऊ नये. एक हात नेहमी मोकळा, होडीला धरायला.

आता ज्याविषयी मला खरोखर राग येतो ते लिहितो. जाकीट. आपल्याकडे लाइफ जॅकेट म्हणजे बुळेपणाची खूण समजतात. ‘आम्ही कोकणातले, आम्हाला पाण्याची कसली भीती!’ १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यात किनाऱ्यावर जन्मलेली, पोहणारी माणसे काय कमी होती? जुनी गोष्ट म्हणून ती सोडून दिली, तरी २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून १५ जण दगावले. अपघात सांगून येत नाही, आणि पाण्यात पडल्यावर जाकीट अंगात चढवता येत नाही. डोक्याला मार लागला, धाप लागली, की पट्टीचा पोहणाराही बुडतो. त्यातून युरोपातले पाणी आपल्यासारखे कोमट नसते. मे महिन्यात तिथला समुद्र अठरा-एकोणीस अंशांचा. त्यात धाडकन उडी मारली तर श्वास एकदम आत ओढला जातो, नाका-तोंडात पाणी जाते, आणि दुबळ्या हृदयावर ताण येतो तो वेगळाच. पायरीपायरीने उतरावे. मला विचाराल तर वयस्करांनी जून उलटल्यावर जावे.

जाता जाता एक अप्रिय गोष्ट. संध्याकाळी दोन पेग झाल्यावर होडीच्या कडेला उभे राहून लघवी करणारे महाभाग सर्व देशांत आहेत. अंधारात पाय घसरला तर मागे कोणाला पत्ता लागत नाही. संडास कितीही अरुंद असो, आतच जावे, आणि बसून.

मुलांनाही एक सांगणे आहे. ‘बाबांना काही नाही, ठणठणीत आहेत’ असे तांडेलाला सांगू नका. त्याला आजार, गोळ्या आणि ॲलर्जी लिहून द्या. संकटात बिनतारी संदेशाच्या १६ नंबरच्या चॅनेलवर मदत मागतात. तो कसा लावायचा हे तांडेलाशिवाय आणखी एका माणसाला माहीत हवे, कारण आजारी पडणारा तांडेलही असू शकतो. आपल्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. विम्याच्या अर्जात जुने आजार लपवू नका. औषधे दोन ठिकाणी विभागून हातातल्या बॅगेत ठेवा, चिठ्ठीसह.

जाऊ नये असेही काही आहेत. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, चार पावले चालल्यावर छातीत दुखणारे, डायलिसिसवर असलेले, वारंवार फिट येणारे, ताज्या ऑपरेशनचे. यात मी आणखी एक भर घालतो, ज्याला मनातून जायचे नाही तो. मुलाचे मन मोडू नये म्हणून कुढत गेलेल्या माणसाला आठव्या दिवसापर्यंत बोट लागते.

हे सगळे क्रोएशियातच कशाला, असा प्रश्न मला पडतो. खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, पुढे वेंगुर्ल्याची बेटे. बेटामागून बेट करत उतरायला आपला किनारा काही कमी नाही. यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ मध्ये विजयदुर्गासह जागतिक वारसा यादीत गेले. शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि २०१० मध्ये परतले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली होती. माणसे आहेत, होड्या बांधणारे आहेत, दिवाळीनंतरचा शांत समुद्र आहे. आठवडाभर शिडाची होडी, चांगला तांडेल आणि प्रत्येकाला मापाचे जाकीट, एवढी सोय मात्र इथे सहजासहजी सापडत नाही. ती झाली तर माझे निम्मे पेशंट मी तिकडे पाठवीन.

परत आल्यावर एक गंमत होते, तिला घाबरू नका. अंघोळीला उभे राहिलात की न्हाणीघर हलते, डोळे मिटले की खाट झुलते. मेंदू अजून होडीवरच असतो. एक-दोन दिवसांत हे थांबते. महिनाभर थांबले नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर जिना उतरताना कठडा धरा.