जातीचा दाखला भांडून घेतला, अपंगत्वाचा मात्र मागून का घ्यायचा?



घाटकोपरच्या एका विहारात दर रविवारी आम्ही कागदपत्रांचे टेबल लावतो. जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड यासाठी लोक रांग लावून येतात. अपंगत्वाच्या कागदांसाठी मात्र सहसा कुणी रांगेत उभे राहत नाही. आई येते, तीही सगळे उठून गेल्यावर, आणि खालच्या आवाजात विचारते, "पोराचं काही होईल का, सर?" हीच बाई मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी साहेबाच्या टेबलावर हात आपटून आलेली असते. मग इथेच तिचा आवाज का बसतो?

एक कारण आपल्या घरातच आहे. "गेल्या जन्मीचं काहीतरी असेल" हे वाक्य आम्ही बौद्ध घरांत ऐकले आहे, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरांत ऐकले आहे. जातीच्या बाबतीत हे वाक्य कुणी उच्चारले तर आपण त्याला दारात उभे करणार नाही. गेल्या जन्मीच्या पापाने माणूस अस्पृश्य जन्मतो, हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मोडून काढला. तोच सिद्धांत अपंग मुलाच्या रूपाने मागच्या दाराने आत आला आणि आपण त्याला बसायला पाट दिला.

दुसरे कारण सरकारी भाषेत आहे. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि बघता बघता खात्यांच्या पाट्या बदलल्या. आम्हाला हा शब्द वाचला की 'हरिजन' आठवतो. १९३८ साली मुंबई विधिमंडळात कायद्यात 'हरिजन' शब्द घालण्याला विरोध करत बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभात्याग करून बाहेर पडले होते. माणसाला देवाचे म्हटले की त्याला हक्क द्यायची घाई राहत नाही. अर्जावर 'दिव्यांग' लिहावेच लागते, आम्हीही लिहितो. पण बोलताना अपंग म्हणतो.

आणि हा हक्कच आहे. संविधानाचे कलम ४१ काढून बघा. बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा अधिकार तिथे लिहिलेला आहे. 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी सोय राज्याने स्वतःसाठी ठेवली आहे हे खरे. कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे आणि अपंगत्व नाही, हेही खरे. ती उणीव २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने काही अंशी भरून काढली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. सरकारी नोकरीतले आरक्षण तीन टक्क्यांवरून चार झाले, उच्च शिक्षणात पाच. आपल्या मुलांनी हा कायदा वाचलेला नाही. अ‍ॅट्रॉसिटीची कलमे तोंडपाठ असलेले कार्यकर्ते यातले एक कलम सांगू शकत नाहीत. आम्हीही चार वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्यातलेच होतो.

आता पात्रतेचे बघू, कारण खरी गोची तिथे आहे. लोकांचा पहिला गैरसमज असा की यूडीआयडी कार्ड आले म्हणजे पेन्शन सुरू झाली. तसे नाही. कार्ड फक्त तुमचे अपंगत्व आणि त्याची टक्केवारी सांगते: चाळीसच्या खाली पांढरे, चाळीस ते ऐंशी पिवळे, ऐंशीच्या वर निळे. पेन्शनचा अर्ज वेगळा, त्याचे कार्यालय वेगळे, त्याच्या अटी वेगळ्या. त्यात प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत संपण्याआधी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. मुदत टळली की चालू लाभही थांबतो आणि कुणी कळवायला येत नाही. आपल्या फोनमध्ये ती तारीख टाकून ठेवा.

चाळीस टक्के ही रेषा कशी कापते ते एका प्रसंगावरून सांगतो. आमच्याबरोबर एक ताई आल्या होत्या, कंत्राटी सफाई कामगार. कचऱ्याच्या गाडीच्या फळीत उजव्या हाताची बोटे गेली. एका रुग्णालयात सकाळी सातला रांगेत बसलो, दुपारी नंबर लागला, तपासणी पाच-सात मिनिटांत आटोपली. टक्केवारी आली सदतीस. म्हणजे पांढरे कार्ड. पेन्शन नाही, आरक्षण नाही. ज्या हाताने झाडू धरायचा तो हात गेला, तर तिच्यासाठी अपंगत्व किती? खुर्चीत बसून सही करणाऱ्याला सदतीस टक्के वेगळे आणि झाडूवाल्या बाईला वेगळे. पण मोजमापाचा तक्ता हाताची हालचाल, पकड, ताकद मोजतो. त्या हातावर पोट आहे की नाही हे त्याच्यात कुठे बसत नाही. जात आणि अपंगत्व एकत्र येतात म्हणजे काय, ते आम्हाला समाजशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्या बाकावर जास्त कळले. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध कलम ५९ प्रमाणे अपील करता येते, हे ताईंना तिथे कुणी सांगितले नाही. आम्हालाही ते नंतर कळले.

चाळीसची रेषा पार केली तरी पुढे उत्पन्नाची रेषा असते. १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अपंगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. बाराने भागा, महिन्याला ४,१६६ येतात. मुंबई उपनगरात चार माणसांचे घर ४,१६६ रुपयांत चालते असे ज्याला वाटते, त्याने भांडुपच्या डोंगरावर एका खोलीचे भाडे विचारून यावे.

आता हे घर बघा. आई तीन घरी धुणीभांडी करून महिन्याला नऊ हजार आणते, वर्षाला १,०८,०००. मुलगी कॉलेजात आहे, तिला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, कारण तिथली मर्यादा अडीच लाख. आईला 'लाडकी बहीण'चे दीड हजार मिळतात, कारण तिथलीही मर्यादा अडीच लाख. आणि बावीस वर्षांचा मुलगा, ज्याला पाणी प्यायलाही दुसऱ्याचा हात लागतो, त्याला पेन्शन नाही, कारण त्याच्यासाठी हेच घर श्रीमंत आहे! घर एक, सरकार एक, वर्ष एक. धडधाकट बहिणीच्या वेळी हे कुटुंब गरीब आणि अपंग भावाच्या वेळी सधन. कायदा उत्पन्नाची मर्यादा घालायला परवानगी देतो, ते आम्ही नाकारत नाही. पण मर्यादेचा आकडा सरकारने ठरवलेला आहे आणि सरकार तो बदलू शकते.

इथे एजंट येतो. "अठ्ठेचाळीस हजारांचा दाखला करून देतो, ताई." आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो की एकदा एका घराच्या बाबतीत आम्ही तोंड फिरवले. अनुदान सुरू झाले. पण त्याच घरात मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी खऱ्या उत्पन्नाचा दाखला होता. आता दर पडताळणीला त्या आईच्या पोटात गोळा येतो, आणि एजंटाला ते माहीत आहे. तो अधूनमधून "चहापाण्याला" येतो. लोक खोटे का वागतात असे विचारणाऱ्यांनी आधी ४,१६६ चा हिशेब मांडून दाखवावा.

रकमेचीही गोष्ट ऐका. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ सांगते की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त असली पाहिजे. इतर निराधारांना १,५०० तर अपंगांना १,८७५, इतके सोपे गणित. कायदा २०१७ च्या एप्रिलमध्ये लागू झाला, तरी या योजनेत आपल्याकडे पुढची कितीतरी वर्षे दोघांना सारखेच पैसे दिले गेले. २०२५ च्या जूनमध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले, गावोगाव चक्काजाम झाले, त्यानंतर सप्टेंबरमध्ये निर्णय झाला आणि ऑक्टोबरपासून अपंगांसाठी रक्कम २,५०० झाली. त्या आंदोलनात निळे झेंडे किती होते? रक्कम वाढली याचा आनंद आहे, पण पन्नास हजारांच्या दाराबाहेर जो उभा आहे त्याला २,५०० काय आणि २५,००० काय.

मुंबईकरांसाठी महापालिकेची धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाची अर्थसहाय्य योजना वेगळी आहे. पिवळ्या कार्डाला महिन्याला हजार आणि निळ्याला तीन हजार या हिशेबाने सहा महिन्यांचे पैसे खात्यात येतात. राज्याच्या योजनेत नाकारलेल्यांनी इथे अर्ज केला का, हे आधी विचारा. निम्म्या लोकांना दोन्ही एकच वाटतात.

पत्त्याचा प्रश्न सध्या आमच्याकडे तापला आहे. संजय गांधी योजनेला पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. रमाबाई आंबेडकर नगरचा पुनर्विकास सुरू आहे, लोक भाड्याचे पैसे घेऊन विक्रोळी, कळवा, दिव्यापर्यंत पांगलेत. आधारवरचा पत्ता जुना ठेवावा की नवा, याचे उत्तर खिडकीगणिक बदलते. उपनगर जिल्ह्याचे तीन तालुके, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. कुर्ल्याचे तहसील कार्यालय मुलुंडला आणि जिल्हाधिकारी वांद्र्याला. मुलुंडच्या माणसाला लोकलने वांद्रे गाठायचे तर दादरला पूल चढून गाडी बदलावी लागते. कुबड्या घेऊन एकदा करून बघा.

रमाबाई नगरचे नाव निघाले म्हणून एक टोचणारी गोष्ट. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात दहा जण गेले, त्यांना आपण दरवर्षी अभिवादन करतो आणि केलेच पाहिजे. त्या दिवशी जे जखमी झाले आणि जगले, त्यांचे हात-पाय पुढे कसे चालले, हे आपल्या किती सभांत विचारले गेले? गटारात मेलेल्यांबद्दल आपण बोलतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मृत्यूसाठी तीस लाख ठरवले, ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच निकालात कायमचे अपंगत्व आलेल्यासाठी वीस लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान दहा लाख आहेत, ते आपण पोस्टरवर छापत नाही. सिकलसेलचेही तेच. विदर्भातून मुंबईत आलेल्या आपल्या कितीतरी घरांत हा आजार आहे. तो एकवीस प्रकारांत आहे, शिक्षणातल्या पाच टक्क्यांत मोडतो, पण कलम ३४ च्या नोकरीच्या चार टक्क्यांत नाही. यावर एक मोर्चा निघायला हवा होता. तो निघाला नाही, कारण मोर्चे काढणारे आम्हीच आणि आम्हालाच माहीत नव्हते.

नोकरीच्या तयारीतल्या मुलांसाठी एवढेच: हे आरक्षण समांतर आहे. अपंग अनुसूचित जातीचा उमेदवार यातून निवडला गेला तर त्याची गणना त्याच्या प्रवर्गात होते. "एकच निवडावं लागतं" असे क्लासवाले सांगतात ते चूक आहे. फॉर्ममध्ये दोन्ही भरा.

वर सांगितलेल्या नऊ हजारांच्या घरातल्या आईने एजंटाला परत पाठवले. आम्ही तिला खऱ्या उत्पन्नाच्या, १,०८,००० च्या दाखल्यासह मुलाचा पेन्शनचा अर्ज भरायला लावला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बसणारच नाही तर भरता कशाला?" आम्ही म्हटले, नाकारा, पण लेखी नाकारा. कारणासह नाकारल्याचे पत्र दोन महिन्यांनी आले. अशी सात पत्रे आमच्या फाइलीत जमली आहेत. ती घेऊन आधी दिव्यांग आयुक्तांकडे आणि तिथे काही हलले नाही तर उच्च न्यायालयात जायचे ठरले आहे, एक वकील मित्र बिनपैशाने उभे राहायला तयार आहेत. सात पत्रांवर मात्र ते खूश नाहीत, किमान पन्नास आणा म्हणतात. मुलुंड, भांडुप, अंधेरी, बोरिवलीच्या साथींनी आपापल्या वस्तीत खरे उत्पन्न दाखवून अर्ज भरावेत, पोच घ्यावी, आणि पत्र आले की त्याची झेरॉक्स आमच्यापर्यंत पोचवावी.